रुमाल, राखीव सीट आणि डबल बेल: नाशिकच्या बसमध्ये कोणाला, काय आणि कधी बोलायचं

प्रश्न एका ताईंचा आहे, थोडक्यात असा. नवीन नोकरी सातपूर एमआयडीसीत, राहायला नाशिक रोडला, रोज जाता येता सिटी बस आणि शनिवारी गावाला जायला एसटी. खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारे, महिलांच्या सीटवर बसून बाहेर बघत राहणारे, स्पीकर फुल करून रील बघणारे, दारात लोंबकळणारे, हे रोज बघून डोकं फिरतं. एकदा बोलल्या तर समोरचा अंगावर आला आणि बाकीची बस गप्प. तर नियम काय आहे, बोलायचं का सोडून द्यायचं, तक्रार कोणाकडे करायची, आणि व्हिडिओ काढून टाकला तर चालेल का.

मी एसटीत कंडक्टर होतो, शेवटी शेवटी स्टँडवर कंट्रोलर, म्हणजे वाहतूक नियंत्रक. नाशिकची सिटी बस एसटीच चालवायची तेव्हा निमाणी ते नाशिक रोड ही फेरी पण भरपूर केली, आणि पेठ, हरसूल, वणी, कळवण या लाईनी तर पाठच आहेत. आता शहरातली बस महापालिकेची, जुलै २०२१ पासून सिटीलिंक, गाड्या वेगळ्या, मशीन वेगळं, पण शालिमार स्टॉपला चढणारा माणूस तोच आहे, त्यामुळे जे सांगतो ते दोन्हीकडे चालेल असं समजा.

ताई, तुमचं चुकलं काही नाही पण वेळ चुकली असणार, कारण तुम्ही लिहिलंय की गाडी द्वारका चौकाच्या पुढे गेल्यावर बोललात. बसमध्ये नियम सांगायची वेळ म्हणजे डबल बेल, गाडी सोडायची कंडक्टरची खूण, व्हायच्या आधीची. का ते सांगतो. गाडी उभी असते तेव्हा आतल्या पन्नास माणसांना एकच गोष्ट पाहिजे असते, गाडी सुटावी. अशा वेळी कंडक्टरने नुसतं म्हटलं की "हे सीट मोकळं होत नाही तोवर बेल देत नाही" की सगळी बस त्या एका माणसाकडे बघायला लागते, मागून आवाज येतो उठा ना भाऊ, कशाला खोळंबा करता, आणि तो उठतो. हीच गोष्ट गाडी चालू झाल्यावर बोला, आता लोकांना पाहिजे असते शांतता, मग तीच पन्नास माणसं तुमच्याकडे बघून म्हणतात जाऊ द्या ना ताई. माणसं बदललेली नसतात, फक्त गाडी हललेली असते. मी माझ्या सगळ्या नोकरीत जेवढी भांडणं मिटवली त्यातली बहुतेक एक पाय फुटबोर्डवर आणि हात बेलच्या दोरीवर ठेवून मिटवली, आणि जी मिटली नाहीत ती घाटात किंवा हायवेला सुरू झालेली होती.

सिटी बसला स्टॉपवर तेवढा वेळ मिळत नाही हे खरं आहे, तिथे दुसरी वेळ म्हणजे कंडक्टर मशीन घेऊन तुमच्याजवळ येतो ती. तिकीट घेतानाच हळू आवाजात सांगायचं, "मास्तर, त्या महिला सीटवर ते दादा बसलेत, मला बसायचंय, तेवढं सांगता का." पूर्ण वाक्य, एकच मागणी, आणि मागणी कंडक्टरकडे. "बघा ना काय चाललंय बसमध्ये" असं म्हणाल तर त्यालाही कळत नाही नक्की काय करायचं, मग तो पुढच्या माणसाचं तिकीट फाडायला जातो.

आता रुमालाचं. रुमाल टाकला म्हणून सीट मिळते असा नियम कुठेच नाही. एसटीत सीटवर हक्क दोनच प्रकारे येतो, एक म्हणजे आगाऊ आरक्षण, ते कंडक्टरकडच्या यादीत सीट नंबरसकट असतं, आणि दुसरं म्हणजे राखीव सीट, ज्याच्यावर पाटी रंगवलेली असते. बाकी सगळं जो बसला त्याचं. पण म्हणून रुमाल उचलून बसायला जाऊ नका, कारण रुमालाला नियमाचा आधार नसला तरी त्याच्या मालकाला त्याच्या बायकोचा, मेव्हण्याचा आणि गावातल्या चार जणांचा आधार असतो. उचलायचा असेल तर उचलून कंडक्टरच्या हातात द्या आणि विचारा हा कोणाचा आहे. आम्ही काय करायचो, रुमाल हातात धरून गाडीत मोठ्याने विचारायचो, "हा रुमाल कोण प्रवास करतोय?" लोक हसायचे आणि मालक खाली उभा असला तर पळत यायचा. आला तर बसू द्यायचं, नाही आला तर रुमाल ड्रायव्हरच्या डॅशबोर्डवर. एका रुमालावर एक सीट ठीक आहे म्हणा, पण एका माणसाने एक टोपी, एक पिशवी, एक पाण्याची बाटली आणि लहान पोराची चप्पल अशा चार सीटा धरलेल्या पण बघितल्यात, चप्पल सीटवर ठेवली की कोणी हात लावत नाही हा हिशोब.

पण हे पण सांगतो, रुमाल टाकणारा प्रत्येक जण लबाड नसतो. खाली त्याची म्हातारी आई हातात काठी घेऊन उभी असते आणि त्याला माहिती असतं की दारातल्या रेटारेटीत ती चढेपर्यंत गाडी भरलेली असेल. असा रुमाल कंडक्टर चालवून घेतो आणि घेतलाच पाहिजे. खरी गोष्ट अशी आहे की रुमाल तिथेच पडतो जिथे गाडी फलाटाला लागल्या लागल्या सगळे एका दाराला भिडतात. नवरात्रात वणीच्या गडावर खाजगी गाड्या बंद असतात, नांदुरीपासून वर एसटीच. तिथे पायथ्याला रेलिंग लावून रांग केलेली असते, एवढी गर्दी असते की बघवत नाही, पण रांगेतून आलेला माणूस रुमाल टाकतच नाही, कारण त्याला दिसत असतं की आपला नंबर येणार आहे. तोच माणूस दुसऱ्या दिवशी ठक्कर बाजार स्टँडला खिडकीतून पिशवी फेकतो. म्हणून स्टँडवर तुम्ही चार जणं जरी दारापाशी एकामागे एक उभे राहिलात ना, तर पाचवा आपोआप मागे उभा राहतो, नेहमी नाही पण बऱ्याचदा.

राखीव सीट हा वेगळा विषय आहे, तिथे नियम स्पष्ट आहे आणि तुमच्या बाजूने आहे. महिलांची सीट रिकामी असेल तर पुरुषाने बसायला हरकत नाही, बाई आली आणि मागितलं की उठायचं. मागितलं की, हे महत्त्वाचं. पुष्कळ बायका सीटपाशी उभ्या राहतात, तोंडाने काही म्हणत नाहीत, आणि समोरचा झोपल्याचं सोंग करतो. सोंगाला शब्द लागतो. पाटीवर हात ठेवून "दादा, ही लेडीज सीट आहे" एवढंच, पुढचं वाक्य नको. "दिसत नाही का" आलं की त्याला उठायचं राहतं आणि भांडायचं कारण मिळतं.

मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून एक नवीन वाक्य ऐकायला येतं, हाफ तिकीट पण घेता आणि सीट पण पाहिजे. हे म्हणणाऱ्याला एवढंच सांगायचं की सवलत तिकिटाची आहे, सीट त्याच्या किती तरी आधीपासून राखीव आहे, दोघांचा संबंध नाही. आणि सवलतीचा माणूस अर्धा नसतो, ७५ च्या वरच्या आजोबांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट आहे, म्हणून काय त्यांना उभं ठेवायचं का. (आजोबांनाही एक विनंती, आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा, सात पिशव्यांच्या खाली ठेवता आणि मग कंडक्टर वय विचारतो म्हणून चिडता.) कंडक्टरला पुरावा बघावाच लागतो, मध्ये तपासणीवाले चढले आणि वय जुळलं नाही तर जाब त्याला विचारतात.

एक अडचणीची केस रोज येते. महिला सीटवर थकलेले सत्तरीचे बाबा बसलेत आणि पंचविशीची मुलगी उभी आहे. नियमाने सीट तिची. मी कधी बाबांना उठवलं नाही. मागच्या सीटवरच्या एखाद्या कॉलेजच्या पोराला डोळ्यानेच खूण करायची, तो उठतो, मुलगी तिथे बसते, बाबांना कळतही नाही. नियम मोडला का? मोडला. पण सीट कोणाला पाहिजे ते सुटलं. कंडक्टर नवीन असेल तर त्याला हे सुचत नाही, तो पाटी वाचून दाखवतो.

फोनच्या आवाजाबद्दल फार लिहीत नाही. रेल्वेने रात्री १० नंतर मोठ्याने गाणी, मोठ्याने फोन बंद अशा सूचना काढलेल्या आहेत, बसमध्ये मात्र बहुतेक वेळा विनंतीवरच भागवावं लागतं. विनंतीला कारण जोडा, "दादा जरा आवाज कमी करता का, मला ऑफिसचा फोन आहे." कारण खरं असायलाच पाहिजे असं काही नाही. दहातले आठ जण आवाज कमी करतात, कारण त्यांच्या लक्षातच आलेलं नसतं की गाणं बाहेर ऐकू जातंय. उरलेले दोन मुद्दाम वाजवतात, त्यांच्यापासून सीट बदला, हा तुमचा पराभव वगैरे काही नाही.

वरचं सगळं त्रासातलं आहे, गुन्ह्यातलं नाही, आणि इथेच बरेच प्रवासी उलटं करतात, आवाजावरून भांडतात आणि दारावरून गप्प बसतात. दारात उभं राहणं मला कधी सोडून देता आलं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२३ बघा, फुटबोर्डवर किंवा टपावर प्रवास करायचा नाही, आणि गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्यानेही करू द्यायचा नाही. म्हणजे पोरगं लटकलं तर जबाबदार पोरगं आणि आम्ही दोघेही. त्र्यंबकच्या रोडला श्रावणी सोमवारी हे सगळ्यात जास्त, ब्रह्मगिरीची फेरी करून आलेली पोरं, पाय दुखतायत पण आत जायचं नाही, दारात हवा लागते. तिथे एक युक्ती चालायची, ओरडायचं नाही, त्याला कामाला लावायचं. "भाऊ, तेवढं आतल्या बाजूला उभं राहून लोकांना पुढे सरकव, तुझा आवाज मोठा आहे." तो आत येतो आणि नंतर माझ्यापेक्षा जास्त कडक होतो, पुढे सरका पुढे सरका, मध्ये सगळी जागा आहे. आणि मध्ये जागा असतेच हो. दाराजवळ माणसावर माणूस आणि मधल्या पॅसेजमध्ये चार माणसं ऐसपैस, हे नाशिक रोडच्या प्रत्येक गाडीत दिसेल, कारण प्रत्येकाला वाटतं आपला स्टॉप आला की उतरता येणार नाही. तुम्ही आत सरका, आणि उतरायच्या एक स्टॉप आधी निघा, एवढं केलं तर दाराची निम्मी गर्दी कमी होते.

इमर्जन्सी दाराचं तर कोणी नावच काढत नाही. मागचं ते दार, त्याच्यासमोर टोमॅटोचे क्रेट, कोथिंबिरीच्या जुड्यांचं गाठोडं, लग्नाची भांडी, एकदा तर पूर्ण शिलाई मशीन. माल न्यायला हरकत नाही, त्याचं लगेज तिकीट असतं, ते घ्या आणि न्या, पण तो ठेवायचा कुठे ते कंडक्टर ठरवतो. गाडीने पेट घेतला किंवा आडवी झाली तर पुढचं दार उघडेल का नाही सांगता येत नाही, मागचं उघडायला पाहिजे, आणि धुरात क्रेट हलवायला कोणाला सुचत नाही. तुमच्या गाडीत त्या दारासमोर सामान दिसलं तर ताई, बाकी सगळं सोडा आणि तेवढं बोला, सुटायच्या आधी बोला. इथे जाऊ द्या ना म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

तिकिटाचं बोलू. विनातिकीट सापडला तर एसटीत चुकवलेल्या भाड्याच्या दुप्पट किंवा १०० रुपये, जे जास्त असेल ते. पण नुसता फुकट्या फार कमी सापडतो, जास्त चालतो तो दुसरा प्रकार, कंडक्टरला म्हणायचं वीस रुपये घ्या, तिकीट राहू द्या. हे म्हणणारा स्वतःला फार मोठ्या मनाचा समजतो. त्याला हे कळत नाही की पुढच्या स्टॉपला चेकर चढला तर हा दंड भरून घरी जातो आणि कंडक्टरची मात्र अपहाराची केस होते. आणि प्रवाशाचंही नुकसान आहे, एसटीच्या तिकिटात अपघात सहाय्यासाठी एक रुपया धरलेला असतो, उद्या काही झालं तर आपण त्या गाडीत होतो याचा पहिला कागद म्हणजे ते तिकीट. म्हणून मशीनमधून तिकीट निघेपर्यंत हात पुढे ठेवा, आणि उतरेपर्यंत चुरगाळून टाकू नका.

सुट्ट्या पैशांवरून जेवढी भांडणं होतात तेवढी सीटवरून पण होत नाहीत. सकाळच्या पहिल्या फेरीला कंडक्टरकडे चिल्लर असते ती थोडीशीच, आणि पहिला माणूस बारा रुपयांच्या तिकिटाला पाचशेची नोट काढतो, दुसरापण तेच. मग तिकिटाच्या मागे पेनाने बाकी लिहून द्यायची, ४८८ आणि त्याला एक गोल. हा गोल बघून लोक संशयाने बघतात, पण ती प्रवाशाच्या सोयीची गोष्ट आहे, उतरताना ते तिकीट दाखवा आणि पैसे घ्या. फक्त उतरायच्या दाराशी आल्यावर नाही, दोन स्टॉप आधी. आता एसटीतही यूपीआय आलंय, त्याने बरंच सोपं झालं, पण घाटात रेंज जाते आणि पैसे कापले तिकीट निघालं नाही असा नवीन वाद सुरू होतो, म्हणून पेठ किंवा सुरगाण्याकडे जाताना खिशात थोडी रोख असू द्या.

आता जे सांगणार आहे ते तुम्ही विचारलेलं नाही पण मला सांगायचंय. बसमधला नियम सगळ्यांना सारखा सांगितला जात नाही. द्राक्षांच्या हंगामात पेठ हरसूलकडनं मजुरांची कुटुंबं गिरणाऱ्याच्या नाक्यावर येतात, अंथरूण, पातेली, कोंबडी, दोन लहान पोरं, सगळं संसाराचं सामान बसमध्ये. गाडी गच्च. अशाच एका गाडीत इस्त्रीच्या शर्टातले एक साहेब मला म्हणाले, "कंडक्टर, हे सगळं मागे पाठवा, काही शिस्त आहे का नाही." ती बाई खाली पॅसेजमध्ये बसलेली, पोराला मांडीवर घेऊन, तिचं गाठोडं तिने पायाखाली दाबून एवढंसं केलेलं. आणि साहेबांची चाकाची बॅग शेजारच्या सीटवर, बॅगेला खिडकीतलं ऊन लागू नये म्हणून पडदा ओढून. मी म्हटलं साहेब, या बॅगचं तिकीट काढू का? ते काही बोलले नाहीत, बॅग मांडीवर घेतली, ती बाई मात्र सीटवर बसायलाच तयार होईना, दोनदा सांगावं लागलं. पोरगं बसलं आधी, मग ती बसली, ती पण अर्धीच, सीटच्या टोकावर.

हे मी एवढ्यासाठी सांगतोय की तुम्ही पण उद्या बोलायला लागाल, हिंमत येईल, तेव्हा आधी बघा आपण कोणाला बोलतोय. टोपली घेतलेल्या मावशीला सरका म्हणायला काहीच लागत नाही, तिला सगळेच म्हणतात. दोन सीटवर पाय पसरून बसलेल्या चार पोरांच्या ग्रुपला म्हणायला कंडक्टरही कचरतो. त्या ग्रुपला तुम्ही एकट्याने बोलू नकाच, पण मग मावशीलाही सोडा.

ट्रेनचं तुम्ही विचारलं नाही तरी नाशिकचा माणूस आज ना उद्या पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसतोच म्हणून थोडं सांगतो. १९७५ पासूनची गाडी आहे, आणि पासधारकांची तिथे स्वतःची दुनिया आहे, ठरलेली जागा, ठरलेला ग्रुप. बाहेरचा माणूस म्हणतो दादागिरी, पासधारक म्हणतो रोज आठ तास प्रवास तुम्ही करून बघा. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. याच पंचवटीत पासधारकांनी स्वतःहून एक आदर्श डबा केला होता, पत्ते कुटणं बंद, गोंगाट बंद, डबा स्वच्छ, आणि त्याची नोंद लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्सपर्यंत गेली. वरून कोणी नियम लादला नव्हता, रोजची तीच माणसं समोरासमोर बसायची म्हणून ते चाललं. सिटी बसमध्ये ते अवघड आहे कारण उद्या तोच माणूस समोर नसतो.

पण ट्रेनमध्ये कायदा जास्त धारदार आहे. रेल्वे कायद्याच्या कलम १५५ मध्ये दोन्ही बाजू आहेत, दुसऱ्याच्या आरक्षित जागेवर बसून उठायला नकार दिला तर दंड, आणि अनारक्षित डब्याच्या दारात उभं राहून जागा नाही, पुढे जा म्हणत दुसऱ्याला चढू दिलं नाही तर त्यालाही दंड. हा दुसरा भाग फार कमी लोकांना माहिती आहे. आणि साखळी. सामान राहिलं, मित्र राहिला, चहा घ्यायला उतरलो होतो, ही कारणं कलम १४१ ला चालत नाहीत, एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कसारा इगतपुरी घाटाचा चढ ३७ ला १ असा आहे, गाडीला मागून बँकर इंजिनं लावून वर चढवतात, तिथे कोणी साखळी ओढली तर ब्रेकची हवा जाते, ती परत भरेपर्यंत गाडी चढावर उभी, मागच्या गाड्या खोळंबल्या. घाटात कोणी मजा म्हणून हात वर केला तर त्याचा हात धरा, नंतर माफी मागा पाहिजे तर.

शेअर रिक्षाबद्दल एकाच वाक्यात, ड्रायव्हरच्या शेजारी चौथा बसवला तर ती तुमची सोय नाही, जादा प्रवासी मागे २०० रुपये दंड कायद्यात आहे आणि अपघात झाला तर सगळ्यात आधी तोच बाहेर पडतो, म्हणून त्या जागी बसू नका, उशीर झाला तरी.

दारू प्यायलेला आणि अंगचटीला येणारा, हे दोन प्रकार मात्र वरच्या कुठल्याच हिशोबात बसत नाहीत. इथे वेळ बघायची नाही, विनंती करायची नाही, कारण द्यायचं नाही. मोठ्या आवाजात, सगळ्या बसला ऐकू जाईल असं, "मास्तर, हा माणूस हात लावतोय, गाडी थांबवा." 'हा' म्हणताना बोट दाखवायचं. मग पुढचं काम कंडक्टर ड्रायव्हरचं, गाडी जवळच्या चौकीला न्यायची. आम्ही नेलेल्या आहेत गाड्या, सगळ्या प्रवाशांसकट, अर्धा तास गेला म्हणून एकानेही कुरकुर केली नाही, उलट दोन तीन जण स्वतःहून साक्षीला उतरले. नव्या गाड्यांमध्ये लाल पॅनिक बटण असतं, ते बघून ठेवा कुठे आहे. ११२ ला फोन लावा, ट्रेनमध्ये असाल तर १३९.

तक्रार कोणाकडे याचं उत्तर तुमच्या तिकिटावर आहे. गाडी, तारीख, वेळ, कंडक्टर कोण होता, हे सगळं त्या एवढ्याशा कागदावरून डेपोला काढता येतं. एसटीची तक्रार असेल तर स्टँडवर कंट्रोलरच्या केबिनमध्ये तक्रार पुस्तक असतं, मागा, ते द्यावंच लागतं. लिहिताना राग लिहू नका, गाडी नंबर, कुठून कुठे, किती वाजता, काय झालं, चार ओळी. "कर्मचाऱ्यांचे वर्तन अत्यंत निंदनीय" अशी तक्रार मी पानोपानी वाचलीय, त्यातून काही निघत नाही, कारण चौकशीला बसणाऱ्याला निंदनीय म्हणजे नक्की काय ते कळत नाही. "कंडक्टरने महिला सीट रिकामी करून द्यायला नकार दिला, सकाळी सव्वानऊ, शालिमार स्टॉप" अशी असेल तर दुसऱ्या दिवशी त्याला बोलावतात.

आणि व्हिडिओ. छेडछाड, मारामारी, ड्रायव्हर फोनवर बोलत गाडी चालवतोय, हे जरूर काढा आणि पोलिसांना किंवा डेपोत दाखवा. सीटवरून चाललेल्या वादात मोबाईल वर केला की वाद संपत नाही, दुप्पट होतो, हे डोळ्यांनी बघितलंय, कारण कॅमेऱ्यासमोर कोणालाच हार मानता येत नाही, उठणार असलेला माणूसही मग उठत नाही. आणि नेटवर टाकायचा विचार असेल तर आधी बघा त्यात मागच्या सीटवर झोपलेली माणसं, शाळेची पोरं कोण कोण दिसतंय, त्यांनी तुमचं काही केलेलं नाही.